‘होतंच असं’ म्हणण्याआधी

“लई गुणी बाळ हाय बाई, आज रडलंच न्हाई बघा.”

पाटण तालुक्यातली एक वाडी, २०१४चा जुलै, धो धो पाऊस. पडवीत छत्री मिटून मी आत पाऊल टाकते तोच बाळाच्या आजीने मला हे सांगितलं. सांगताना तिचा चेहरा फुलला होता. बाळ चार दिवसांचं. खोलीत ओव्या-शेपेची धुरी, खिडकीला गोधडी टांगलेली, बाजेखाली शेगडी. बाजेवर बाळंतीण आणि तिच्यापासून दोन हात लांब झोळीत बाळ. मी हात चोळून गरम केला आणि बाळाचं पाऊल मुठीत धरलं. गार. उलटा हात पोटाला लावला. तेही गार. तळव्याला टिचकी मारली, तर बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, आवाज काही काढला नाही आणि पुन्हा डोळे मिटले. “दूध कधी पाजलंस?” मी आईला विचारलं. तिने आधी आजीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. पहाटेपासून बाळाने छातीला तोंडच लावलं नव्हतं. काखेत लावलेला थर्मामीटर ९५वर थांबला.

बाळाचे कपडे काढून त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, डोक्याला टोपरं घातलं, दोघांवर मिळून एक रग पांघरला आणि तशाच अवस्थेत दोघांना जीपमध्ये बसवलं. घाटातून दीड तासाचा रस्ता. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, ज्याला आम्ही सगळे एसएनसीयू म्हणतो, ते बाळ अकरा दिवस होतं. जंतुसंसर्ग झाला होता. वाचलं.

त्या आजीला मी दोष देणार नाही. तिने स्वतःची पाच आणि लेकीसुनांची चार बाळंतपणं काढलेली. रात्र रात्र ती त्या झोळीपाशी बसून होती. माया कमी नव्हती, राबणं कमी नव्हतं. पण जे लक्षण होतं, त्याला त्या घरात कौतुकाचं नाव मिळालं होतं. न रडणारं, न पिणारं, गार पडलेलं बाळ म्हणजे गुणी बाळ.

छत्तीस वर्षं मी आरोग्यसेविका होते. आता कराडला असते. या नोकरीत मला जे शिकायला मिळालं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, की धोक्याचं लक्षण घरच्यांना दिसत नाही असं फार क्वचित होतं. ते दिसतं. नवऱ्याला दिसतं, सासूला दिसतं, खुद्द बाळंतिणीला तर सगळ्यात आधी कळतं. फक्त त्या लक्षणाला आपल्याकडे आधीपासून एक नाव तयार असतं आणि ते नाव आपल्याला शांत करतं. पिवळं पडलेलं बाळ म्हणजे “कोवळ्या उन्हात धरा.” ताप भरलेली बाळंतीण म्हणजे “दूध चढलंय.” दम लागला तर “अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा.” रडू आवरत नसेल तर “बाहेरचं काहीतरी आहे”, नाहीतर “आम्ही काय पोरं जन्माला घातलीच नाहीत का?” आणि या सगळ्यांच्या वर एक वाक्य, होतंच असं.

हे वाक्य मीही म्हटलेलं आहे.

२००९चा श्रावण. माझ्या उपकेंद्राच्या शेवटच्या टोकाच्या गावात बावीस वर्षांची मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, अगदी सरळ. नऊ महिने तिचा रक्तदाब मी स्वतः मोजलेला, एकदाही वर गेला नव्हता. नवव्या दिवशी दिवेलागणीला तिच्या आईचा फोन आला. “पोरीचं डोकं कालपासून थांबंना.” मी विचारलं, ताप आहे का? नाही. अंगावरून जास्त जातंय का? नाही. बाळ पितंय? पितंय. मी म्हटलं, “जागरण होतंय ना, होतंच असं. डोकेदुखीची गोळी द्या, सकाळी येऊन जाते.”

रात्री दोनला तिला झटके आले. घरच्यांना वाटलं, बाहेरचं झालं. अंगारा, धुपारा यात तास गेला. मग जीप शोधली. कराड यायच्या आधीच ती गेली. नंतर कळलं, तिने संध्याकाळी आईला सांगितलं होतं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बल्बकडे बघवत नाही. हे मी विचारलं नव्हतं. रक्तदाबाचं यंत्र माझ्या कपाटात होतं आणि ते गाव माझ्या स्कूटीवरून पंचवीस मिनिटांवर होतं. मी सकाळी त्या घरी गेले तेव्हा तिची आई मला एक शब्दही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. तेव्हाची ती तान्ही मुलगी आता अकरावीला आहे.

म्हणून हा लेख.

गरोदरपणात रक्तदाब वाढतो आणि झटके येऊ शकतात हे आता बऱ्याच घरांना माहीत झालंय. पण बाळंत झाली की तो धोका टळला, ही समजूत मात्र घट्ट आहे, आणि ती चुकीची आहे. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढू शकतो आणि हे दुखणं सहा आठवड्यांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतं. नऊ महिने ज्यांचा रक्तदाब उत्तम होता त्यांनाही ते होतं. गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यातलं काहीही असेल तर तास मोजायचे, दिवस नाही. यावर मॅग्नेशियम सल्फेट नावाचं जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली मात्रा देऊन पुढे पाठवता येतं. पण तिथवर बाई पोहोचायला हवी.

मी १९८६ साली नर्सिंगच्या प्रशिक्षणाला होते. त्या वर्षी २८ नोव्हेंबरला स्मिता पाटील बाळंत झाल्या आणि १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने गेल्या. वय अवघं ३१. होस्टेलवर आम्ही मुली रात्रभर रडलो. दुसऱ्या दिवशी आमच्या ट्यूटरबाईंनी वर्गात शिकवणं बाजूला ठेवलं आणि फळ्यावर फक्त ‘४२ दिवस’ एवढंच लिहिलं. बाळंतपण त्या दिवसापर्यंत चालू असतं, म्हणाल्या. आपल्या आज्ज्यांचा सव्वा महिना आणि वैद्यकशास्त्राचे बेचाळीस दिवस यांत फारसं अंतर नाही. त्या काळाला जपायला हवं हे आपल्या लोकांनी केव्हाच ओळखलं होतं. मात्र आपण जपलं ते वाऱ्यापासून, नजरेपासून, विटाळापासून. बाईच्या अंगात काय चाललंय हे तिला विचारायचं राहून गेलं.

उदाहरणार्थ अंगावरून जाणं. बायका याबद्दल आपसांतसुद्धा हळू आवाजात बोलतात. पहिले काही दिवस लाल, मग तपकिरी, मग फिकट, असं ते उतरत जायला हवं. तासाभरात एक आख्खं पॅड भिजून चिंब होत असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील किंवा फिकट झालेलं पुन्हा लालभडक सुरू झालं, तर वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, गर्भाशय आकसलेलं नसू शकतं. “घाण निघून जातेय, जाऊ दे” हे मी किती घरांत ऐकलं! ती घाण नसते, रक्त असतं, आणि आधीच पंडुरोगी असलेल्या आपल्या बायकांकडे ते सांडायला फार नसतं. तसंच वासाचं. बाळंतिणीच्या खोलीला वास येणारच असं धरून चालतात. घाण वास, ओटीपोटात दुखणं आणि १००.४च्या वर ताप म्हणजे आत जंतू शिरले आहेत. सिझरच्या टाक्यांतून पाणी येत असेल तरी तेच. यासाठी कुणी हळद भरू नये, दवाखाना गाठावा.

एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, ती गरम लागत असेल आणि मग धाप लागायला लागली, छातीत चमक निघाली, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. बाळंतीण महिनाभर बाजेवरून हलायची नाही अशी आपली पद्धत. तिला विश्रांती हवीच, पण घरातल्या घरात चालती-फिरती राहू द्या. टेनिसपटू सेरेना विल्यम्स २०१७ साली सिझर झाल्यावर दुसऱ्या दिवशी दम लागून उठली. पूर्वी तिला हा त्रास होऊन गेला होता, त्यामुळे तिने ओळखलं. पण तिने सांगितलं तेव्हा नर्सला वाटलं, वेदनेच्या औषधांमुळे ही असंबद्ध बोलतेय. ती हटून बसली, तपासणी झाली आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगज्जेत्या खेळाडूला आपलं म्हणणं असं रेटावं लागतं. मग माहेरच्या खोलीत, काकू-मावश्यांच्या गराड्यात, डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या विशीतल्या पोरीने काय करावं?

मनाच्या दुखण्याचं तर नावच काढायचं नाही. पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणं, चिडचिड होणं, हे बहुतेक जणींना होतं आणि दहा-बारा दिवसांत ओसरतं. ते ओसरत नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, जेवण तुटलं असेल, जगूच नये असं मनात येत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. बाळ झोपलेलं असतानाही जिला रात्र रात्र झोप नाही, जी भलतंसलतं बोलते, कुणीतरी बाळाला मारणार आहे असा संशय घेते, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि तोवर तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. मांत्रिकाकडे गेलेला एक दिवससुद्धा इथे महाग पडतो. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो भिंतीवर लिहून ठेवा.

आता बाळाकडे येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात जे करून दाखवलं, ते आम्हा आरोग्यसेविकांना प्रशिक्षणात सांगायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. ३९ गावांतल्या साध्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याची मुळं तिथे आहेत.

श्वास मोजणं म्हणजे काय ते सांगते, कारण हे कुठल्याही आजीला जमतं. बाळ शांत असताना झबलं वर करायचं. छातीकडे नाही, पोटाकडे बघायचं. तान्ह्या बाळाचं पोट हलतं. एकदा वर गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही, कारण एवढ्याशा बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. साठ किंवा त्याहून जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं. पुन्हा साठ आले तर निघायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ कण्हत असेल, तर मोजायलाही थांबायचं नाही.

दूध न पिणं हे मात्र मी सगळ्यांच्या वर ठेवते. कालपर्यंत चुटुचुटु पिणारं बाळ आज तोंड लावत नाही, याचा अर्थ बाळ बोलतंय. त्याच्याकडे तेवढीच भाषा आहे. हातपाय कमी हलवणं, टिचकी मारल्यावरच हलणं, झटके, ९९.५च्या वर ताप किंवा ऊब देऊनही अंग गार राहणं, नाळेच्या भोवती लाली आणि पू, या बाकीच्या खुणा. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला, तर उन्हाने भागत नाही. तिथे निळ्या दिव्याखालचे उपचार लागतात आणि वेळ गेला तर बाळाचा मेंदू आणि कान कायमचे अधू होतात. अशी दोन मुलं माझ्या हद्दीत वाढली. दोघांच्याही आयांनी रोज सकाळी, नेमाने, बाळाला कोवळ्या उन्हात धरलं होतं.

एवढं सगळं माहीत असूनही गाडी निघत नाही, आणि याचं कारण मी आजवर शेकडो घरांत एकच पाहिलं. निर्णय ज्याचा, तो खोलीत नसतो. बाळंतीण आईला सांगते, आई म्हणते तुझ्या बाबांना येऊ दे. बाबा म्हणतात जावयाला विचारू, नाहीतर सासरचे म्हणतील आम्हाला न सांगता नेलं. जावई पुण्या-मुंबईला कंपनीत शिफ्टवर, फोन बंद. तोवर बाळ निळं पडतं. माझं म्हणणं आहे की डोहाळेजेवणाच्या दिवशीच, सगळे जमलेले असताना, मोठ्यांनी चारचौघांत सांगून टाकावं: बाळंतिणीजवळ जी असेल तिने कुणालाही न विचारता गाडी बोलवायची, कुणी तिला जाब विचारणार नाही. १०८ किंवा १०२. सरकारी दवाखान्यात बेचाळीस दिवसांपर्यंत आईचे आणि वर्षाचं होईपर्यंत आजारी बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, नेण्या-आणण्यासकट. हे मोठ्यांना ठाऊक असलं तर पैशाची अडचण पुढे करायला कुणाला जागा राहत नाही. दहा वेळा उगाच नेऊन आणलं असं झालं तरी चालेल. रिकाम्या हाताने परत आलेल्या गाडीचं मला कधी वाईट वाटलं नाही.

सरकारकडेही मागणं आहे. महाराष्ट्राने मोठी मजल मारली आहे. २०१८ ते २०च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. पण या उरलेल्या मृत्यूंपर्यंत पोहोचायचं तर बाळंतपणानंतरच्या दिवसांकडे वळावं लागेल. बाळंतपणानंतर दवाखान्यात ४८ तास ठेवायचं असा नियम आहे, प्रत्यक्षात खाट हवी म्हणून किंवा घरचे घाई करतात म्हणून बाई दुसऱ्या दिवशीच रिक्षात बसते. ती जाताना तिच्या हातात बाळाचं लसीकरणाचं कार्ड असतं, पण ‘डोकं दुखलं तर ये’ असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. आशाताईंना या सगळ्या घरभेटींचे मिळून २५० रुपये ठरवून दिलेत, त्यात त्या डोंगर चढून येतात. त्यांच्या पिशवीत बाळासाठी वजनकाटा आहे, घड्याळ आहे, थर्मामीटर आहे, झोळी आहे. आईचा रक्तदाब मोजायचं यंत्र त्या पिशवीत नाही. ते द्या. वापरायला शिकवा आणि तिसऱ्या नि सातव्या दिवसाच्या भेटीच्या फॉर्मवर आईच्या रक्तदाबाचा रकाना छापा. अकरावीतल्या त्या मुलीकडे बघितलं की मला हा रकाना दिसतो.

निवृत्तीच्या पैशांतून मी पहिली खरेदी केली ती रक्तदाबाच्या यंत्राची. ओळखीत कुणी बाळंत झालं की बाळंतविड्याच्या पिशवीत ते घेऊन जाते. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली लेक दवाखान्यातून घरी आली, पाचवा दिवस होता. घरात पाचवीच्या पूजेची गडबड, पाटावर वरवंटा मांडलेला. तिची आई बाळ माझ्या मांडीवर द्यायला आली. मी म्हटलं, “आधी हिचा हात दे.” मुलगी नको नको म्हणत होती, फक्त मान जड झालीय, म्हणाली. पट्टा बांधला. एकशे साठवर एकशे दहा. थोडं थांबून दुसऱ्या हाताचा घेतला. तेवढाच.

आईने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “होतं का हो असं?” तिने विचारलं.

“गाडी बोलाव,” मी म्हटलं.